त्राटिकेचा मान

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये, जिथं पूर्वी राजेसाहेबांची गादी होती, तिथं आता काचेच्या कपाटात त्राटिका ठेवली होती. सहादू रोज सकाळी ती काच ओल्या फडक्यानं पुसायचा आणि पुसताना तिच्या तोंडाकडे बघायचा नाही. आपल्या घरातलं माणूस परक्याच्या दारात उभं दिसावं आणि ओळख दाखवायची चोरी असावी, तसं त्याला व्हायचं.

संस्थान पेठच्या पलीकडचं, डोंगरातलं, तळहाताएवढं. राजेसाहेबांना डोंगरातला पावसाळा सोसत नसे, म्हणून त्यांनी नाशिकला, पंचवटीच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठी हा राजवाडा बांधला. त्याचं सागवान संस्थानातल्या उंबरओहळ गावच्या लोकांनी वेठीनं वाहून आणलं होतं. त्यात सहादूचा आजा होता. पुढं संस्थान गेलं, राजेसाहेबही गेले, वारस मुंबईला राहायला गेले आणि सरकारनं राजवाड्यात आदिवासी जीवनाचं संग्रहालय उघडलं. राजाच्या झोपायच्या खोलीत मासे धरायचे बांबूचे सापळे आणि खेकड्यांच्या टोपल्या आल्या. राणीसाहेबांच्या महालात कुडाची झोपडी उभी राहिली आणि तिच्या दारात प्लास्टरचा बाप्या, प्लास्टरची बाई. शाळांच्या सहली यायच्या. पोरं त्या बाईच्या लुगड्याकडे बोट दाखवून खिदळायची. सहादू खाकी कपड्यात दारापाशी उभा असायचा. पोरांना वाटायचं, हाही ठेवलेलाच असेल.

त्राटिका म्हणजे बोहाड्यातलं सोंग. होळीनंतर उंबरओहळला बोहाडा नाचतो. गणपतीपासून म्हसोबापर्यंत एकेक मुखवटा संबळाच्या तालावर पडद्याआडून बाहेर येतो, आणि कोणता मुखवटा कोणत्या घरानं नाचवायचा हे ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात. त्राटिकेचा मान सहादूच्या घराचा, आणि त्या घरात तिला आई म्हणत. ती सगळ्यांच्या शेवटी, उजाडताना यायची. हातात दोन पेटते पलिते, जीभ छातीपर्यंत आलेली. तिला वाट द्यावी लागायची. तिच्या पुढ्यात कोणी उभं राहत नसे, पाटीलही नाही. आणि मुखवटा चढल्यावर आतल्या माणसानं बोलायचं नाही, ही रीत.

दुसरी रीत रंगाची. दरवर्षी बोहाड्याआधी घरच्या उंबऱ्यावर मुखवट्याला नवा रंग द्यायचा, पण जुना खरवडायचा नाही. रंगावर रंग. घरातल्या बाईनं कालवायचा, नाचणाऱ्यानं लावायचा. बापाच्या रंगाखाली आज्याचा, त्याखाली पणज्याचा, अशी त्राटिकेच्या गालांवर पुटं चढत गेली होती आणि तिचं तोंड सुजल्यासारखं दिसायचं. लाकूड उघडं पडलं की सोंग मेलं. मग ते पाण्यात सोडायचं आणि नवं घडवायचं. जुनं जितं असेपर्यंत दुसरं नाही.

असला मुखवटा नाशिकला कसा आला, हे उंबरओहळमधलं शेंबडं पोरही सांगायचं. बाहत्तरचा दुष्काळ होता. संग्रहालयासाठी वस्तू गोळा करत साहेब गावोगाव फिरत होते. सहादूच्या बापानं, बहिरूनं, मुखवटा दिला आणि पोराला चौकीदाराची नोकरी मिळवली. बहिरू त्यानंतर फार जगला नाही. गाव म्हणालं, त्राटिकेनं नेला. सहादू दिवाळीला गावी गेला की पारावरून आवाज यायचा, "आला रे, राजवाड्याचा आला! आईला इकून चाकरी घेतली, आता बायकोला इकून प्रमोशन घेईल."

तरी मान घराचा राहिला होता. दर बोहाड्याला सहादू रजा काढून जायचा आणि त्राटिकेच्या वेळेला हातात नुसता नारळ घेऊन पडद्यापुढं उभा राहायचा. संबळ वाजायचा. कोणी वाट द्यायचं नाही, कोणी मागं सरायचं नाही. पोरं शिट्ट्या मारायची. तो नारळ ठेवून परत फिरायचा.

एक्याऐंशीच्या पौषात पंचांनी निकाल दिला. पंचांचा म्होरक्या गोटीराम बाबा, म्हातारा, निम्मा बहिरा, पण शब्दाचा पक्का. तो म्हणाला, "नारळाला मान नसतो, सहादू. मान सोंगाला. या साली जो त्राटिका पडद्याबाहेर आणंल, त्याचं घर मानाचं. पुढं मग रडायचं नाय."

सहादू दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला.

संग्रहालयाचे प्रमुख निवृत्ती बोरस्ते निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचे चिरंजीव, पुण्याला एम. ए. झालेले. माणूस कामाचा होता. आळशी नव्हता, लाचखाऊ नव्हता. सहादूचं आणि त्यांचं पहिल्यापासून पटलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सहादू त्यांना 'तू' म्हणायचा, कारण त्याच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. बोरस्त्यांनी ते चारचौघांत सुधारलं होतं. आणि मागच्या वर्षी त्राटिकेचा अर्धा चेहरा लाकडापर्यंत साफ करून आतली पुटं लोकांना दाखवायची त्यांनी ठरवलं, तेव्हा सहादू कपाटापुढं आडवा उभा राहिला होता. "साहेब, लाकूड दिसलं तर ती मरंल. मग मला आधी मारा." बोरस्त्यांनी त्याला मेमो दिला, चेहरा साफ करायचं सोडून दिलं आणि सहादूनं सांगितलेली रीत टाइप करून कपाटावर लावली. आपण ऐकून घेतलं, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक होतं.

"सोंग पाहिजे होतं साहेब. बोहाड्यापुरतं. मी स्वतः नेईन, स्वतः परत आणीन."

"कोणाच्या नावावर?"

"माझ्या. माझंच हाय ते."

बोरस्त्यांनी पेनचं टोपण लावलं. "तुझं होतं. आता सरकारचं आहे. आणि तू सरकारचा नोकर आहेस. चौकीदारच वस्तू घरी न्यायला लागला तर मी इथं काय राखू? एकट्यादुकट्याला काही मिळणार नाही. ग्रामपंचायतीनं ठराव करून मागितलं तर विचार करू."

ग्रामपंचायत म्हणजे चिमाजी. उंबरओहळचा सरपंच, नवा बुलेटवाला, बोहाड्यात ज्याच्या घराला कुठल्याच सोंगाचा मान नव्हता. सहादूनं त्याच्यापुढं हात जोडण्याआधीच तो ठराव घेऊन संग्रहालयात हजर झाला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. चहा सहादूला आणायला लागला.

"ठेव रे इथं," चिमाजी म्हणाला. "साहेब, हा आमच्याच गावचा. लय इमानी. बापानं बांधून दिला तुमच्या दारी, तवापासून भुंकला नाय कधी."

साहेब हसले नाहीत, पण थांबवलंही नाही.

ठरलं ते असं: मुखवटा ग्रामपंचायतीला पंधरवड्यासाठी द्यायचा. साहेब स्वतः जीपनं गावात आणून समारंभानं सरपंचाच्या हाती देणार. वर्तमानपत्रात फोटो. नाचवणार कोण, हा गावाचा प्रश्न. बाहेर व्हरांड्यात चिमाजीनं बुलेटला किक मारली आणि सहादूकडे बघून म्हणाला, "पेटी नीट बांध हां, सहाद्या. माझ्या घरचं सोंग हाय आता ते. टवका उडाला तर तुझ्याकडून भरून घेईन."

सहादू क्वार्टरवर गेला. क्वार्टर म्हणजे राजवाड्यामागचा घोड्यांचा तबेला, मधे विटा घालून खोल्या केलेल्या. बायको, कुसाबाई, चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि भाकरी उलटवली.

"नाचू दे ना चिमाजीला. त्याचं ढुंगण भाजंल पलित्यानं, आपण बघू."

"मान जाईल."

"मान! तुझ्या मानानं मला पाराव बसू देतात का? पाण्याला गेले तर बाया कळशी बाजूला घेतात. हितं नळ हाय. पोरं शाळंत जातात. तू त्या लाकडापायी काय येडंवाकडं केलंस ना, तर मी भावाकडं निघून जाईन. सांगून ठेवते."

"बापानं मरताना हात धरला व्हता माझा. घरी आण म्हणला."

"बापानं दिली, बापानंच न्यावी." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मेल्यांचं काम मेल्यांनी करावं."

सहादू जेवला नाही. दोन दिवस तो साहेबांच्या मागं हिंडला. चिमाजी नाचणार असेल तर निदान रंग आमच्या उंबऱ्यावर द्या, असं म्हणून बघितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सहादू, तुझं म्हणणं तू आता पुष्कळदा मांडलंस. तुमच्या भाऊबंदकीत मला ओढू नकोस. पेटी तयार ठेव."

पेटी भरायची ती होळीआधीच्या सोमवारची दुपार होती. सोमवारी संग्रहालय बंद. साहेब कलेक्टर कचेरीत गेलेले. सहादूनं कुलूप काढलं, कपाट उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्राटिकेला हात लावला. ती जड नव्हती. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की हलकं होतं. जे वजन होतं ते रंगाचं. त्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, दरबार हॉलमधून, राणीसाहेबांच्या महालातून, त्या प्लास्टरच्या जोडप्यापुढून नेली आणि राजेसाहेबांच्या न्हाणीघरात आला.

न्हाणीघरात संगमरवरी टब होता. त्यात आता जुने फलक नि रंगाचे डबे पडलेले असत. कोपऱ्यात कॉस्टिक सोड्याचा डबा होता, साहेबांनी राजवाड्याच्या दारांवरचा जुना ऑइल पेंट उतरवायला आणलेला. मागच्या वर्षी हाच डबा त्राटिकेसाठी बाहेर निघाला होता आणि सहादूनं तो साहेबांच्या हातातून घेऊन परत कोपऱ्यात ठेवला होता.

त्यानं टब रिकामा केला. बादल्यांनी पाणी ओतलं, सोडा सोडला. पाणी तापलं आणि उग्र, घशाला झोंबणारा वास सुटला. मुखवटा पाण्यात घालताना त्याचे हात थांबले. मग त्यानं डोळे मिटले नाहीत, उलट तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, वर्षानुवर्षं बघायचं राहिलं होतं तेवढं, आणि दाबून ती पाण्याखाली घेतली.

वरचा रंग बापाचा. तो साईसारखा सुटला. त्याखालचा लाल, मग काळा, मग बाजारातला रंग मिळायच्या आधीचा गेरू. नारळाच्या शेंडीनं तो घासत राहिला. बोटांची कातडी पांढरी झाली, मग फाटली. टबातलं पाणी आधी लाल, मग चिखलाच्या रंगाचं झालं. शेवटी गालावर लाकडाच्या रेषा दिसल्या. तिची सूज उतरली होती. खालून एक अरुंद, म्हाताऱ्या बाईसारखं तोंड निघालं, जे त्याच्या आज्यानंही बघितलं नसेल.

सहादूनं ते पुसून वाळवलं, पेंढ्यात बसवलं, पेटीला खिळे मारले आणि वर लाख लावून संग्रहालयाचा शिक्का उठवला. मग टब धुऊन ठेवला.

जीप मंगळवारी सकाळी निघाली. पेठचा घाट चढून उंबरओहळला पोचेपर्यंत साहेब पुढं बसून भाषणाचा कागद वाचत होते. सहादू मागं पेटीवर हात ठेवून बसला होता. बोटांना फडकी गुंडाळलेली.

"काय झालं हाताला?" साहेबांनी वळून विचारलं.

"भाजलं साहेब."

"डॉक्टरला दाखव." आणि ते पुन्हा कागदाकडे वळले.

गावात शाळेपुढं मांडव होता. चिमाजी फेटा बांधून तयार. पंच घोंगडीवर बसलेले, मधे गोटीराम बाबा. सहादू पेटी घेऊन आला तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हमाल आला," आणि लोक हसले. फोटोवाल्यानं कॅमेरा लावला. बोरस्ते बोलायला उभे राहिले. ते चांगलं बोलले. संस्कृती, वारसा, शासनाची भूमिका, सगळं झालं आणि शेवटी त्यांचा आवाज खरोखर हलला.

"तुम्ही मानता की रंग गेला, लाकूड उघडं पडलं, म्हणजे सोंग मेलं. आम्ही शहरातले लोक हे कदाचित मानणार नाही. पण आम्ही त्याचा आदर केला. इतकी वर्षं या मुखवट्याचा एक टवका उडू दिला नाही. तुमच्या पूर्वजांचा रंग जसाच्या तसा आज तुमच्या हाती देतोय."

टाळ्या पडल्या. चिमाजीनं स्वतः खिळे उपसले, पेंढा बाजूला केला आणि दोन्ही हातांनी मुखवटा डोक्यावर उचलला. फ्लॅश उडाला.

टाळ्या बंद झाल्या त्या अशा की संबळवाल्याचं खोकणं ऐकू आलं. चिमाजीला वर काय आहे ते दिसत नव्हतं. तो हसतच होता. मग त्यानं लोकांची तोंडं बघितली आणि मुखवटा खाली घेतला.

"हे काय?" तो म्हणाला. "साहेब, हे काय आणलंय? फळकूट हाय हे!"

बोरस्त्यांनी मुखवटा हातात घेतला. उलटा करून आतला संग्रहालयाचा नंबर बघितला. नंबर बरोबर होता. मग त्यांनी सहादूच्या हाताकडे बघितलं.

"तू?"

सहादूनं फडकी सोडली. बोटं लाल, ओली, सोललेली होती. बायांमधून एक हुंदक्यासारखा आवाज आला.

"यानं मारली!" चिमाजी ओरडला. "बाबा, बघा याचे हात! मला मिळू नये म्हणून घरची आई मारली भडव्यानं! याला गावाबाहेर काढा!"

"ओरडू नको. ह्या कानानं ऐकू येतं मला." गोटीराम बाबा उठला. त्यानं मुखवट्याच्या गालावर नख फिरवलं आणि पाठ फिरवून थुंकला. "मेली. सहादू, इकडं ये. तू मारलीस?"

"मी मारली, बाबा."

"का?"

"जिती दुसऱ्याच्या घरात जात व्हती."

म्हाताऱ्यानं त्याच्या थोबाडीत मारली. जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग तो पंचांकडे वळला. पंच कुजबुजत राहिले. बोरस्ते पुढं झाले.

"हे बघा, तुमचं जे काय असेल ते असेल. ही सरकारी मालमत्ता आहे. मी मुखवटा परत नेतोय. आणि या माणसावर पोलिसात तक्रार देतोय."

"तक्रार दे तू, साहेब," गोटीराम बाबा म्हणाला. "पण मेलेलं शिवंबाहेर जात नाय. पाण्यात जातं."

"मी परवानगी देत नाही!"

"तुला कुणी मागितली?"

जीपच्या ड्रायव्हरनं साहेबांची बाही ओढली. मांडवाच्या कडेची माणसं नुसती उभी राहिली होती, पण आता ती जीप आणि साहेबांच्या मधे उभी होती. बोरस्त्यांनी मुखवटा घोंगडीवर ठेवला. "मी तुझ्यासाठी तो सोड्याचा डबा परत ठेवू दिला होता, सहादू," ते म्हणाले. "तुझ्या एका शब्दावर."

"व्हय साहेब," सहादू म्हणाला. "आणि चिमाजीला खुर्ची दिलीस."

किती तरी वर्षांनी तो त्यांना 'तू' म्हणाला होता. या वेळी ते कोणी सुधारलं नाही.

पंचांचा निकाल गोटीराम बाबानंच सांगितला. "मारली कुणी, त्याचं त्राटिका बघंल. पाण्यात कुणी सोडायची ते मी सांगतो. ज्या घरात रंगली, त्याच घरानं. आणि जो बुडवंल तोच नवी घडवंल, ही रीत माझ्या बापाच्या आधीची हाय, चिमाजी, ती तुझ्या ठरावानं मोडत नाय. बोहाडा होईस्तोवर सहादूच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाय, त्याच्या चुलीला इस्तव द्यायचा नाय. आईला मारणाऱ्याला एवढं तरी पाहिजे."

सहादूनं एकट्यानं मुखवटा ओढ्याच्या डोहात सोडला. कोणी बरोबर आलं नाही. लाकूड हलकं होतं, बुडेना. त्याला पाण्यात उतरून वर धोंडा ठेवावा लागला.

घरच्या चुलीवरच्या माळ्यावर पांगाऱ्याचा एक ओंडका बहिरूनं वाळत टाकलेला होता. मुखवटा दिला त्याच साली. सहादूनं तो खाली काढला. धुरानं काळा, हाडासारखा कडक झाला होता. सोललेल्या बोटांनी तो पटाशी धरून बसला तेव्हा लाकडावर रक्ताचे ठिपके पडायचे, ते तो पुसत नसे. शेजारचे दारं लावून घ्यायचे. इस्तव कोणी देईना म्हणून तो चूल विझूच देत नसे.

मुखवट्याची जीभ कोरून झाली त्या दिवशी कुसाबाई आली. पोरं बरोबर होती, डोक्यावर ट्रंक. ती भावाकडे गेली नव्हती.

"क्वार्टर खाली करायला लावलं," ती म्हणाली. "तुला सस्पेंड केलाय. पोलीस येऊन गेला, परत येणार हाय. शाळंतून पोरांची नावं काढली."

सहादू पटाशी चालवत राहिला.

"बोल की! आता कशावर जगायचं? ह्या तोंडावर?" तिनं मुखवट्याकडे बोट केलं.

"रंग कालवायला बाई लागते," सहादू म्हणाला.

तिनं ट्रंक आपटली, कोपऱ्यातलं मडकं ओढलं आणि गेरू फोडायला बसली. कालवताना ती सारखी शिव्या देत होती. नवऱ्याला, सासऱ्याला, चिमाजीला, साहेबाला, त्राटिकेला. रंगाचं मडकं तिनं त्याच्यापुढं सरकवलं ते पायानं.

बोहाडा सरत आला. म्हसोबा नाचून गेला. पूर्वेला डोंगराची कड दिसायला लागली आणि संबळाचा ठेका बदलला. पडदा वर झाला. नवा, पहिल्याच रंगाचा मुखवटा, गाल अजून बारीक, दोन्ही हातांत पेटते पलिते.

वाट द्यायला लोक आधी हलले नाहीत. मग गोटीराम बाबा मागं सरकला, आणि त्याच्यामागं सगळे.

मधे एकटा चिमाजी उरला. नारळ द्यायचा तो सरपंचानं आणि देऊन त्यानंही बाजूला व्हायचं, म्हणून तो उभा होता. त्यानं नारळ पुढं केला, वाकला आणि मुखवट्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "परवा पोलीस येतोय. मीच बोलावलाय. चाकरी गेली, घर गेलं. आता खाशील काय, सहाद्या? रंग?"

मुखवट्याच्या आत घाम निथळत होता, पलित्यांभोवती बोटांच्या जखमा झोंबत होत्या. ओठापर्यंत उत्तर आलं होतं, आणि बोलायचं नव्हतं. सहादूनं पलिते वर उचलले, संबळाची थाप पकडली आणि सरळ पुढं पाऊल टाकलं. आणखी एक. जाळ चिमाजीच्या फेट्याला लागणार एवढं अंतर उरलं.

चिमाजी मागं सरला.